राखलेला खडक

“पण मी खोटं काय लिहिलं, बाबा?”

डॉक्टर केळुस्करांनी तिसऱ्यांदा विचारलं. इस्माईलबाबा दर्ग्याची पायरी झाडत होते, ते झाडतच राहिले. खाडीतल्या खडकांवर पाय कसा टाकायचा, हे डॉक्टरांना विद्यार्थिदशेत या फकिरानेच शिकवलं होतं. आता भूगर्भशास्त्रात त्यांचं मोठं नाव झालं, तरी उत्तर मागायला ते इथंच आले.

“पंचवीस कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी हवेत कार्बन ओतला. समुद्र आंबट झाला, शिंपल्यांना कवचं धरता येईनात. जवळजवळ सगळं मेलं… आणि तरी समुद्र पुन्हा भरला! खडक साक्षीला आहेत. तेवढंच मी अहवालात लिहिलं. समुद्र सावरतो.”

“तेवढंच,” बाबा म्हणाले.

त्या एका वाक्याच्या जिवावर कुणा कारखान्याला खाडीत सांडपाणी सोडायची परवानगी मिळाली. दोन वर्षांत खाडीतली कालवं, खडकांना चिकटून वाढणारे ते खायचे शिंपले, मेली. वाक्य लिहिताना डॉक्टरांची छाती फुगली होती. आता तेच वाक्य त्यांना इथं घेऊन आलं होतं.

“किती वर्षांनी भरला?”

“…पन्नास लाख. कुठे कुठे कोटभर.”

बाबांनी झाडू बाजूला ठेवला आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांकडे बोट दाखवलं.

तिथं सुंदराबाय बसली होती. इथल्या कालवं काढणाऱ्या बायका दर हंगामात एक खडक बियाण्यासाठी राखतात, त्यावर कालवं काढायचं लोखंडी हत्यार चालवत नाहीत. बाकीच्या जणी केव्हाच शहरात कोळंबी सोलायला गेल्या. ही मात्र अर्ध्या पोटी मेलेल्या शिंपांचा खडक राखत बसली होती. तिचं एकच म्हणणं: सायबांनी लिहून दिलंय ना, मग कालवं येणारच!

“जा, सांग तिला,” बाबा म्हणाले.

डॉक्टर चिखल तुडवत तिच्यापर्यंत गेले. ती लगबगीने उठली.

“सायबानू, कालवां परत येतली मां? माझी नात हाताशी येयपर्यंत तरी?”

ती इतक्या आशेने बघत होती की त्यांना स्वतःची लाज वाटली. आले तसेच ते मागे फिरले.

“तुम्हीच सांगा तिला, बाबा. मला नाही जमत…”

बाबांनी झाडू पुन्हा उचलला.

“मी वर्षभर तेच सांगतोय, बाळा… पण तिचा विश्वास तुझ्यावर आहे.”