उडत्या गवताचा बंदोबस्त

एका जंगलात प्राणी शेती करायचे, आणि शेती करायचे म्हणून त्यांना सरकारही लागायचं. सरकार म्हणजे एक अस्वल होतं. ते मतं घेऊन निवडून आलेलं होतं, पण सगळे त्याला महाराज म्हणायचे आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

जंगलाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, सगुणा नावाची सायाळ ज्वारी पिकवायची. घरात तीन पिल्लं होती, तिघांचेही काटे अजून मऊ. ज्वारी हुरड्यावर आली होती. आणखी पंधरा दिवस सुखरूप गेले की वर्षभराची ददात मिटणार होती.

अशात एका सकाळी वेडा राघू तिच्या बांधावर उतरला. हा पक्षी लांबलांब फिरायचा आणि बातम्या आणायचा.

“सगुणाकाकू, टोळ येतायत. तीन डोंगरांपलीकडे झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्यात. पाच-सहा दिवसांत इथे पोचतील.”

सगुणाने हातातलं खुरपं टाकलं आणि त्याला घेऊन तडक दरबार गाठला.

दरबारात महाराजांच्या शेजारी आपत्ती मंत्री बसली होती. ती घोरपड होती. जंगलात आजवर पाच सरकारं बदलली, पण तिने खुर्ची सोडली नव्हती. खुर्ची मोडली तेव्हा सुताराने ती मंत्रीणबाईंसकट दुरुस्त केली होती.

“नाव काय तुझं?” घोरपडीने राघूला विचारलं.

“वेडा राघू.”

घोरपडीने महाराजांकडे पाहिलं. “बघा, स्वतःच सांगतोय.”

तरीही महाराजांनी विषय गांभीर्याने घेतला. त्याच संध्याकाळी त्यांचं भाषण झालं. “माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! या जंगलात टोळ येणार नाहीत, आणि येतील तेव्हा आम्ही त्यांना पळवून लावू!” दोन्ही वाक्यांना सारख्याच टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. ‘टोळ’ या शब्दाने घबराट पसरते, सबब यापुढे ‘उडतं गवत’ असं म्हणावं. चरायला गवत आपणहून उडत येणार म्हणून हरणांनी मिरवणूक काढली.

तिसऱ्या दिवशी सरकारी कोठारात सराव झाला. टोळांचं काम उंदरांना दिलं होतं. त्यांनी ते इतकं मन लावून केलं की संकटासाठी राखलेलं निम्मं धान्य सरावातच संपलं. उंदरांचा सत्कार झाला.

चौथा दिवस थाळ्यांचा होता. पाचच्या ठोक्याला सगळ्यांनी थाळ्या वाजवाव्यात, असा हुकूम होता. सगुणा पुन्हा दरबारात गेली.

“महाराज, आवाजाने टोळ बिचकतात हे खरं. पण ते डोक्यावर आले म्हणजे वाजवायचं. आज वाजवून काय होणार?”

“बाई, आज एकजूट दिसली पाहिजे.”

“कुणाला?”

“मला,” महाराज म्हणाले.

थाळ्या वाजल्या. काहींनी इतक्या निष्ठेने वाजवल्या की त्या फुटल्या.

सगुणा बांधावर येऊन बसली आणि तिला भोरड्या आठवल्या. गुलाबी अंगाची, काळ्या पंखांची ही पाखरं दरसाल थव्याने यायची. थोडे दाणे खायची, पण टोळ दिसला की दाणे सोडून त्याच्यावर तुटून पडायची. सगुणाची आई त्यांच्यासाठी दोन ओळी राखून ठेवायची. मागच्या निवडणुकीत मात्र महाराजांनी त्यांना परकी ठरवलं. “आपलं कणीस, आपलीच चोच!” अशी घोषणा होती. सगुणाला चोच नव्हती. तरी थव्याला ओढ्यापार हाकलताना डबा वाजवत ती सगळ्यांच्या पुढे होती.

आता ती आठवण तिला आपल्याच काट्यासारखी टोचली. ती उठली, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या बाभळींखाली जाऊन उभी राहिली. थव्यातली सगळ्यात म्हातारी भोरडी, बायजा, खालच्या फांदीवर आली.

“काटे ओळखीचे दिसतात. डबेवाली ना तू?”

“हो, आजी.” सगुणाने काटे अंगाला चिकटवून घेतले. “चुकलं माझं. मला तर चोचही नाही, उगाच ओरडले. टोळ येतायत. घरात तीन पिल्लं आहेत.”

बायजाने चोच फांदीला घासली. मग म्हणाली, “किती आहेत?”

“आभाळभर, म्हणतात.”

“मग माझ्या लेकरांना ते येईपर्यंत उपाशीच ठेवते. पण सांगून ठेवते, दाणेही खाऊ आम्ही.”

“चार ओळी तुमच्या.”

परतल्यावर सगुणाने शेजारपाजार गोळा केला. बांधाबांधावर ओल्या काडाचे आणि कडुनिंबाच्या पाल्याचे ढीग रचले. थाळ्या फुटल्या होत्या, म्हणून तवे आणि कढया काढल्या.

सहाव्या दिवशी भर दुपारी ऊन तांबूस झालं. आधी सरसर आवाज आला, मग आभाळच खाली उतरलं. सगुणाने ढीग पेटवले. धूर उठला, कढया दणाणल्या. पिल्लं खोकत खोकत तवा बडवत होती. तरी टोळ कणसांवर बसायला लागले. सगुणाचा हात गळून आला आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून गुलाबी-काळा थवा सुटला. पुढे बायजा होती. दिवस कलेपर्यंत त्या पाखरांनी मान वर केली नाही.

ओढ्याकाठची ज्वारी बरीचशी वाचली. वरच्या अंगाची शेतं थेट सरकारच्या संरक्षणात होती. तिथे बुडखेही उरले नाहीत.

चार दिवसांनी घोरपड पंचनाम्याला आली, खुर्चीसकट. वरच्या अंगाचा एक ससा उघड्या रानात उभा होता.

“पीक होतं याला पुरावा?”

“टोळांनी खाल्लं, बाईसाहेब.”

“म्हणजे पुरावा सांभाळला नाहीत.”

मग ती ओढ्याकाठी आली. “तुमचं पीक उभं आहे, अर्थात संकट आलंच नव्हतं. आणि या भोरड्यांना नोटीस आहे. हद्दपारीचा भंग, शिवाय परवान्याशिवाय उडतं गवत खाल्लं.”

“नोटीस मला द्या,” सगुणा म्हणाली. “त्यांना मी बोलावलं.”

ती पाठ वळवून उभी राहिली आणि तिने सगळे काटे उभारले. घोरपडीच्या शिपायाने दिलेली नोटीस त्यांच्यात अशी काही रुतली की निघाली तेव्हा तिच्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. भोरड्या राहिल्या. कबूल केलेल्या चार ओळी त्यांनी खाल्ल्या. पाचवी सगुणाने न बोलता सोडली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात दरबारात विजयोत्सव झाला. तिथे टोळांचा म्होरक्या आपल्या उरल्यासुरल्या समर्थकांसह महाराजांच्या पक्षात आला. महाराजांनी त्याला स्वतःच्या हाताने हार घातला, आणि शेतीतला त्याचा दांडगा अनुभव लक्षात घेऊन कृषी खातं त्याच्याकडे सोपवलं.