मेथीच्या जुडीची गाठ

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैलसुद्धा बोलायचे. ऐकून घेणारं माणूस मात्र तेव्हाही शोधावंच लागायचं.

नदीकाठी एक नगर होतं. नगराला दगडी वेस होती, वेशीजवळ पार होता आणि पारावर दिवसभर वडीलधारी मंडळी बसलेली असायची. नगरातल्या कुणीही नदीपलीकडच्या बाजाराला जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. भाजीपाला, फळं, धान्य, सगळं व्यापारी बैलांच्या पाठीवर लादून वेशीपर्यंत आणून द्यायचा. "सगळं दारात येतं, मग पाय कशाला झिजवायचे?" असं पारावरचे म्हणत. हा नियम कुणी केला, कशासाठी केला, असं कुणी विचारलं की ते मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, "असंच चालत आलंय." जणू तेच उत्तर!

व्यापारी सोमवारी बाजारात भाजी घ्यायचा, गोणीत दाबून भरायचा, वाटेत सावली दिसली की ताणून द्यायचा आणि मंगळवारी उन्हं चढल्यावर नगरात पोचायचा. त्यामुळे नगरातल्या मुलांना वाटायचं, मेथी जन्मापासूनच मान टाकून असते. पिवळं पान हेच खरं पान, असं ती समजत. आणि पारावरच्यांनीही त्यांना कधी वेगळं सांगितलं नाही, कारण त्यांनी तरी वेगळं कुठं पाहिलं होतं?

अशा या नगरात डोंगरातली एक मुलगी सून म्हणून आली. तिचं नाव सगुणा. पारावर जे सर्वांत मधे बसत, ते तिचे सासरे. नवरा मिठाच्या तांड्याबरोबर समुद्राकडे गेलेला, तो उन्हाळ्याआधी परतायचा नव्हता. घरात सासरे, सासू आणि सगुणा. सासू वाईट नव्हती, पण फार कमी बोलायची. इतकी कमी, की चुलीतल्या लाकडांचा आवाज तिच्यापेक्षा मोठा वाटावा.

एका मंगळवारी सगुणानं मेथीची जुडी सोडायला घेतली आणि तिचे हात थांबले.

जुडी केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधलेली होती. सोपटाला दोन वेढे, मग एक उलटी गाठ, आणि गाठीची दोन्ही टोकं सशाच्या कानांसारखी वर उभी. अशी गाठ जगात एकच बाई मारायची. सगुणाच्या लहानपणी तिच्या वेण्यासुद्धा ती बाई अशीच बांधायची.

"आई!" सगुणा म्हणाली आणि जुडी छातीशी धरून बसली.

तिच्या लगेच लक्षात आलं. डोंगरातली रीत अशी, की लेकीच्या सासरी आईबापानं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मग आईनं लेकीला भेटायचं कुठं? अर्ध्या वाटेवरच्या बाजारात. बाजाराचं अंगण ना सासरचं, ना माहेरचं. आई टोपलीभर भाजी घेऊन यायची, लेक पिशवी घेऊन यायची, आणि दोघी दिवसभर पोटभर बोलायच्या. सगुणाची आई एवढे डोंगर उतरून नदीपलीकडच्या बाजारात येऊन बसत होती. आणि लेक काही येत नव्हती.

"मामंजी, मला सोमवारी बाजाराला जाऊ द्या," सगुणानं त्याच संध्याकाळी सासऱ्यांना विचारलं.

"कशाला? काही कमी पडलं का घरात?"

"माझी आई येते तिथं."

"कुणी सांगितलं?"

सगुणानं सोपट पुढं केलं. सासऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसून म्हणाले, "पोरी, गाठ ती गाठ. उद्या शेळीच्या दाव्यात तुला मामा दिसेल!"

सगुणाला इतका राग आला, की तिनं त्या रात्रीची भाकरी जरा जोरातच थापली. पण ती गप्प बसली. निदान गाठ तरी येते आहे. गाठ आली म्हणजे आई आली, आई आली म्हणजे ती बरी आहे. दर मंगळवारी ती सोपट सोडायची, हळूच गालाला लावायची आणि उशीखाली ठेवायची. सासू ते बघायची. बोलायची काहीच नाही.

मग थंडी पडली. आणि एका मंगळवारी मेथी आली, पण गाठ वेगळीच होती. कशीतरी घाईत आवळलेली, टोकं लोंबणारी.

पुढच्या मंगळवारीही तशीच.

सगुणानं ताट तसंच ठेवलं. ती धावत वेशीपाशी गेली. व्यापारी गोण्या उतरवत होता.

"काका, ही मेथी कुणाकडून घेतली? बाजार कुठं भरतो?"

व्यापारी डोळे बारीक करून हसला. "वा गं शहाणे! बाजाराची वाट सगळ्यांना सांगत सुटलो, तर मी काय वारा खाऊ?"

सगुणा तशीच पारापाशी गेली. पारावर तिचे सासरे आणि बाकीची मंडळी ऊन खात बसली होती.

"मामंजी, माझ्या आईला काहीतरी झालंय. मला जायलाच हवं."

"पुन्हा तीच गाठ?" एक आजोबा दुसऱ्याला म्हणाले, आणि पार खदखदून हसला.

सासरे मात्र या वेळी हसले नाहीत. चारचौघांत सुनेनं येऊन बोलावं, हे त्यांना लागलं होतं. ते म्हणाले, "ऐकून ठेव. वेशीबाहेर पाऊल टाकलंस, तर घराचं दार तुला बंद. माझा शब्द आहे."

सगुणा मागं वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला स्वतःच्या रडण्याचाही राग येत होता. वेशीजवळ जनावरांच्या पाण्याची दगडी डोण होती, तिच्यापाशी व्यापाऱ्याचा म्हातारा पांढरा बैल उभा होता. त्याला पाणी दाखवायला व्यापारी विसरला होता. सगुणानं डोळे पुसले, घागर आणली आणि डोण भरली.

बैल पोटभर प्याला. मग म्हणाला, "बाजार कुठं भरतो ते मला ठाऊक आहे."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?" बैल म्हणाला. "नदी ओलांड. पुढं दोन वाटा फुटतात. उताराची वाट धरू नकोस. ती मलाही आवडते, पण ती पाणवठ्यावर जाऊन संपते. चढाची धर. टेकडीच्या माथ्यावर चिंचांचं बन आहे. तिथं पोचलीस की वाट विचारावी लागणार नाही. गलकाच तुला ओढून नेईल."

सोमवारी तांबडं फुटताच सगुणा उठली. दाराशी आली तर दाराची कडी आधीच काढलेली होती, आणि उंबऱ्यावर एक भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली होती. तिनं वळून पाहिलं. सासू पाठमोरी, जात्यावर दळत होती. तिनं मान वर केली नाही.

सगुणानं उंबरा ओलांडला. मग वेस ओलांडली. दार बंद होणार होतं, ते तिच्या पाठीमागं झालंच असेल असं समजून ती चालत राहिली.

चिंचांच्या बनात पाऊल टाकलं आणि ती बघतच राहिली. मुळ्यांना अजून ओली माती चिकटलेली होती. हरभऱ्याच्या ढाळ्यांवर दव होतं. वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, बोरांचे ढीग, आणि मेथी! मान ताठ असलेली, हिरवीगार मेथी! "चाखून बघ, मग बोल!" असं एक जण ओरडत होता. "अगं, तुझी बोरं आहेत की गोट्या?" असं एक बाई दुसरीला विचारत होती, आणि दुसरी म्हणत होती, "गोट्या आहेत, म्हणूनच तुला दिल्या, खेळत बस!" कुणी भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट टाकत होतं, कुणी स्वतः पिकवलेल्या रताळ्याची तारीफ पोटच्या पोरासारखी करत होतं.

पण सगुणाची नजर सोपट शोधत होती. एक ओळ संपली. दुसरी संपली. प्रत्येक मेथीवालीपाशी ती थांबायची, चेहरा बघायची आणि पुढं जायची. तिच्या मनात नको नको ते येऊ लागलं.

शेवटच्या ओळीच्या टोकाला तिला एक नवल दिसलं. सगळा बाजार खेटून बसलेला, पाय ठेवायला जागा नाही. पण तिथं एका गोणपाटाचा अर्धा भाग रिकामा होता. शेजारच्या कांदेवालीचे कांदे पार वाटेवर घरंगळत होते, तरी तिनं त्या रिकाम्या जागेत एक कांदा ठेवला नव्हता.

"इथं कुणी बसतं का, मावशी?" सगुणानं विचारलं.

कांदेवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोंगरातली दिसतेस. हिची लेक तर नव्हेस?"

आणि गोणपाटाच्या दुसऱ्या अर्ध्यावर, मेथीच्या टोपलीआड वाकलेल्या बाईनं मान वर केली. तिच्या उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या.

"आलीस?" आई म्हणाली. जणू लेक विहिरीवरून पाणी घेऊन आली होती.

सगुणा त्या रिकाम्या जागेवर बसली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली.

"रड, रड," कांदेवाली डोळे पुसत म्हणाली. "या बाईनं आमचं डोकं खाल्लंय गं! दर बाजाराला एकच, 'माझी लेक येईल, जागा सोडा.' आम्ही तर म्हणायला लागलो होतो, हिला लेक आहे तरी का खरंच! उतारावरून पडली, हात मोडला. म्हटलं, घरी बस. तर ऐकेल तर शपथ. जुड्या मीच बांधते तिच्या, पण ते सशाचे कान काही मला जमत नाहीत."

"आई, मोडका हात घेऊन कशाला आलीस?" सगुणानं विचारलं.

"हात मोडला गं," आई म्हणाली, "पण वाट बघायला हात कुठं लागतो?"

मग दोघींनी भाकरी खाल्ली. सासूनं दिलेली भाकरी आई सहज खाऊ शकली, कारण ती सासरच्या घरात नव्हे, चिंचेखाली सोडलेली होती. दुपारभर सगुणानं आईच्या जुड्या बांधल्या. दोन वेढे, उलटी गाठ, टोकं वर. निघताना आईनं तिच्या पदरात दोन जुड्या घातल्या आणि डाव्या हातानं तिची बट कानामागं सारली.

दिवेलागणीला सगुणा घराशी पोचली. दार बंद होतं. तिनं कडी वाजवली.

"शब्द म्हणजे शब्द!" आतून सासऱ्यांचा आवाज आला.

मग आत काहीतरी सरकलं, आणि दार उघडलं. दारात सासू उभी होती.

तिनं सगुणाच्या पदरातून मेथीची जुडी घेतली. दिव्यापाशी बसून गाठीवरून बोट फिरवलं. ती गाठ सोडायला तिनं फार वेळ घेतला. मग ती बोलली, आणि तिचा आवाज ऐकून सासरेही उठून आले.

"मीही डोंगरातलीच. लग्न होऊन आले तेव्हा माझीही आई होती. तीही बाजाराला येऊन बसली असेल. तिनंही काहीतरी बांधून पाठवलं असेल." तिनं सोपट दोन्ही तळव्यांत मिटून घेतलं. "मी कधी पाहिलंच नाही. भाजी सोडायची आणि सोपट चुलीत टाकायचं. इतकी वर्षं मी आईच्या हाताच्या गाठी जाळल्या असतील."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. पण 'असंच चालत आलंय' हे वाक्य काही बाहेर पडेना.

पुढच्या सोमवारी वेशीतून सगळ्यांत आधी सासू बाहेर पडली. तिच्या हातात पिशवी होती. मागोमाग सगुणा, आणि तिच्यामागं शेजारच्या चार घरच्या सुना. त्याच्या पुढच्या सोमवारी मुलंही निघाली, आणि ताठ मानेची मेथी पाहून त्यांनी विचारलं, "ही कुठली नवी भाजी?"

पार ओस पडत गेला. शेवटी सासरे एकटे उरले. एका सोमवारी तेही काठी टेकत, कुणी बघत नाही ना हे पाहत चढाची वाट चढून आले. चिंचेखाली एका मुळेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "कोणत्या नगराचे?" त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"माझे मुळे तिकडंच जातात की! कधीपासून कुणाला तरी विचारायचं होतं. गोड लागतात का हो?"

सासऱ्यांनी जन्मभर ते सुकलेले मुळे ताटाच्या कडेला सारले होते. त्यांनी काठी चिंचेला टेकवली, म्हाताऱ्याशेजारी खाली बसले, आणि मातीनं माखलेला मुळा धोतराला पुसून तिथंच दातांनी त्याचा कडकन तुकडा मोडला.

"गोड आहे," ते हळूच म्हणाले.

मुळेवाला लाजून हसला, आणि पुढच्या सोमवारपासून त्यानंही आपल्या गोणपाटावर एक जागा रिकामी ठेवायला सुरुवात केली.

तात्पर्य: आपल्या ताटातल्या प्रत्येक घासामागं कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं, त्याच्यापर्यंत आपल्या पायांनी चालत जावं.