लाकडाची मरळ

फार पूर्वी शाल्मली नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव पिंगल. नगरीबाहेर मोठा तलाव होता आणि तलावाकाठी कोळ्यांची वस्ती होती. पिंगल गाड्यांची चाके करी, पाळणे करी, उखळे करी. पण त्याचा जीव रमे तो लाकडाचे मासे कोरण्यात.

हे मासे खेळण्यातले नव्हते. त्यांच्या पोटाखाली गळ असे, आणि खरा मासा समजून मोठ्या माशाने त्यांना चावावे अशी अपेक्षा असे. पहिली दोन वर्षे एकही मासा चावला नाही. पिंगलने गुंजेचे डोळे बसवले, अंगाला लाखेचा रंग दिला. काठावर ठेवलेला मासा मांजर पळवून नेई, पाण्यातले मासे मात्र त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. शेजारी राहणारा कुंभक कोळी म्हणे की पिंगलदादाने आता मांजरेच धरावीत.

पिंगल चिडला नाही. तो रोज सकाळी छातीभर पाण्यात उभा राहून मासे कसे वळतात ते पाहू लागला. मग त्याने पांगाऱ्याचे हलके लाकूड घेतले, माशाचे अंग मधोमध कापले आणि दोन्ही तुकडे तातीने जोडले, तेव्हा शेपूट हलू लागले. हनुवटीखाली शिंपल्याची तिरपी चकती बसवली, तेव्हा दोरी ओढताच मासा बुडी मारून डोलू लागला. तरीही काही उणे होते. शेवटी त्याने वजनासाठी पोटात भरलेले शिसे मध्यापासून जवभर बाजूला सरकवले. आता मासा एका अंगावर कलत, अडखळत, जखमी झाल्यासारखा पोहू लागला. त्याच दिवशी कुंभकाने हातभर लांबीची मरळ काढली.

ते श्रावणाचे दिवस होते. पंधरवडाभर वस्तीत घरोघरी मरळीचे कालवण शिजले. ही गोष्ट राजाच्या कानी गेली. त्याने निरोप धाडला की पाहुण्यांसह आपण स्वतः गळ टाकायला येणार आहोत, तेव्हा असे शंभर मासे करावेत, आणि ते झाले की पिंगलने राजशिल्पी म्हणून वाड्यात राहायला यावे. पिंगलला फार आनंद झाला. बोधिसत्त्व असला तरी सुतारच तो. राजवाड्याचे खांब आपल्या हातून कोरले जावेत असे त्याला लहानपणापासून वाटत होते.

त्याच सुमारास कुंभकाची बायको सरमा रंग उडालेले लाकडी मासे दुरुस्तीला घेऊन आली. रंग खरवडताना पिंगलचा हात थांबला. भुकेला मासा भक्ष्य डोक्याकडून गिळतो हे त्याने पाण्यात उभे राहून पाहिले होते. इथे एकाही माशाच्या डोक्यावर दात उमटले नव्हते. सगळे घाव कुशीवर आणि शेपटावर होते. त्याने सरमेला विचारले की मरळी चिरताना त्यांच्या पोटात काय निघते.

सरमा म्हणाली, "काहीच नाही. इतक्या मरळी चिरल्या, एकीच्याही पोटात साधा किडा निघाला नाही. मला वाटलं, म्हणूनच चावत असतील."

पिंगल काम टाकून तलावावर गेला. लव्हाळ्यापाशी पाण्यावर तांबूस बुडबुडे फुटत होते. ती मरळीची पिले होती, शेकड्यांनी, श्वासासाठी वर येणारी. त्यांच्या खाली मरळ निश्चल उभी होती. पुढे असे आणखी तीन घोळके दिसले. त्यांच्या खाली कोणी नव्हते आणि भोवती बगळे रांगेने उभे होते. पिंगल काठावर बसला आणि रडला.

राजा आला तेव्हा पिंगलने त्याला शंभर मासे दिले नाहीत. एकच दिला, आणि त्याचा गळ काढून टाकलेला होता. राजाने तो लव्हाळ्यापाशी टाकून ओढला. मासा लंगडत पिलांजवळून जाताच मरळ त्याच्यावर तुटून पडली आणि लगेच मागे फिरली. राजाला मजा वाटली. त्याने पुन्हा ओढला, ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा शिंपल्याच्या कडेने तिचे तोंड रक्ताळले होते.

राजाने विचारले, "इतकी भूक लागली आहे हिला?"

"महाराज, पिले झाल्यापासून तिने काही खाल्लेले नाही," पिंगल म्हणाला. "ती खायला येत नाही. पिलांपाशी आलेल्याला हाकलायला येते. हे मला उशिरा कळले."

राजाने दोरी खाली ठेवली. पिले पाण्यावर असतील तोवर तलावात कोणी गळ टाकू नये अशी त्याने आज्ञा केली. पाहुण्यांपुढे झालेला विरस मात्र तो विसरला नाही. वाड्याला दुसरा शिल्पी मिळाला. तो मोर चांगले कोरीत असे. कुंभकाचे हातचे काम गेले आणि त्याने पिंगलशी बोलणे टाकले.

तीन घोळके उरले होते, आणि त्यांच्या आया वस्तीने खाल्ल्या होत्या. पिंगलने हातभर लांबीची मरळ कोरली. तिला गळ नव्हता, आणि या खेपेस शिसे बरोबर मध्यावर होते. तो नाव घेऊन गेला आणि पिलांखालून ती संथपणे ओढू लागला. पिलांना काय वाटले कोण जाणे. पण ती तिच्यामागून जाऊ लागली, एकेक करून तिन्ही घोळके तिच्यावर जमले, आणि बगळे दोन पावले मागे सरले.

तिसऱ्या दिवशी कुंभक गुडघाभर पाण्यात येऊन उभा राहिला.

"तुला वल्हवता येत नाही," तो म्हणाला. "नाव अशी हिसके खाते, मग आई कशी वाटेल ती? सरक तिकडे."

महिनाभर एकाने नाव वल्हवली आणि एकाने दोरी धरली. काही पिले गेली, पुष्कळशी वाचली.

ही कथा सांगून तथागत भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा अरिंदम म्हणजे आजचा भिक्खू सोणक, आणि कुंभक म्हणजे त्याच्या शेजारी बसलेला भिक्खू वप्पिल. रक्ताळलेल्या तोंडाने तिसऱ्यांदा आलेली मरळ म्हणजे विहारातल्या पोरक्या मुलांना जेवू घालणारी, दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका. आणि पिंगल सुतार मी होतो. लाकडाची आई करणारे हात माझे होते. त्याआधी गळ बसवणारेही माझेच होते. त्या गळांनी काय केले ते पाहून जी माझ्या मनात उपजली आणि मला नावेत घेऊन गेली, ती करुणा."