सरकारांनी दिलेली शिदोरी

"हौसे, माझ्या चार बटकी गेल्या कुठं?"

सोनवडच्या गढीवर सर्जेराव सरकार एवढ्या जोरात ओरडले की सदरेवरची कबुतरं उडाली. पायरीशी उभ्या असलेल्या हौसा कासारणीनं बांगड्यांची दुरडी घट्ट धरली.

बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. जन्मभर राबायचं, घर नाही, दार नाही, आणि उजव्या हातात बिनसांध्याचं लोखंडी कडं. कडं दिसलं की दरवाजावरचा पहारेकरी भाला आडवा धरायचा. तरी वर्षभरात चौघी नाहीशा झाल्या होत्या!

"मला काय ठावं, सरकार? मी आपली बांगड्या भरते."

"घरोघर फिरतेस, तुला सगळं ठाऊक असतं! उद्या गौरी येतात. विसर्जनाच्या संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. माझ्या बटकींना खाडीपार कोण लावतो? खरं नाव सांगितलंस तर मागशील ते देईन. नाहीतर तुझ्याच हातात कडं!"

"आन् ज्याचं नाव निघंल त्याचं काय, सरकार?"

"त्याच्याही हातात कडं! मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. गौरीची शपथ!"

 हौसाला एक सोडून तीन नावं ठाऊक होती. साबण लावून, हात चेपून कडं उतरवायची ती स्वतः. होडीतून पार न्यायचा तो धाकू तांडेल. पलीकडं दुसऱ्याचं राज्य, तिथं भट्टीच्या पडवीत पोरींना सांभाळायची सखू कुंभारीण. नाव सांगावं तर जिवाची माणसं जाणार, न सांगावं तर आपण जन्माचं अडकणार. शिवाय गढीवर आवडी, मैना आणि म्हातारी चिमा अशा तिघी उरल्याच होत्या. आवडीला तर दिवाळीत सरकारांच्या जावयाला आंदण द्यायचं ठरलेलं, दूर घाटावर. तिथं हौसाचा हात पोचणार नव्हता.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती गालातल्या गालात हसत गढीवर आली.

गढीची रीत जुनी होती. तीन घराण्यांच्या तीन गौरी तीन बायांनी डोक्यावर घेऊन खाडीवर न्यायच्या. तोंडात पाण्याची चूळ, कपाळाखाली ओढलेला पदर. वाटेत त्यांनी बोलायचं नाही, त्यांना कोणी हटकायचं नाही. या बाया निवडायच्या आणि त्यांना हिरव्या बांगड्या भरायच्या, हे काम कासारणीचं.

सरकार अनवाणी पुढं निघाले. माणूस तापट, पण देवाधर्माला खरा! मागून तीन बाया, त्यांच्यामागं हौसा. दरवाजाशी पहारेकऱ्यानं हात पाहिले. कोपरापर्यंत हिरवागार चुडा. पण चौघी निसटल्यापासून तोही धास्तावला होता. त्यानं भाला आडवा धरला.

"पदर वर करा!"

 तेवढ्यात सरकार गर्रकन वळले.

"गाढवा! गौरीला अडवतोस? हो बाजूला!"

पहारेकरी भिंतीला चिकटला. खाडीवर सरकारांनी स्वतःच्या हातानं तिघींना दहीभाताची शिदोरी दिली आणि वाकून नमस्कार केला.

"माय, सुखानं जा. मागं वळून पाहू नकोस. पुढल्या वर्षी ये!"

मधल्या बाईला ठसका लागतो की काय असं झालं, पण तिनं चूळ सोडली नाही. तिघींबरोबर हौसाही होडीत चढली.

"धाकू, ओढ रे! मागं बघायचं नाही!" सरकार ओरडले, आणि धाकूनं हुकूम मानून होडी ओढली.

दिवेलागणीला होडी परतली. रिवाजाप्रमाणे हौसानं सुपांतून खाडीची वाळू आणली होती. तिन्ही सुपं तिनं सदरेवर मांडली. प्रत्येक सुपात, वाळूवर, एकेक लोखंडी कडं!

"आज तिघी पार झाल्या, सरकार. आवडी, मैना आन् चिमा."

"कोणी लावल्या?" सरकार कडाडले.

"सर्जेराव सरकारांनी!"

हौसा बोटांवर मोजू लागली.

"पहारेकऱ्याला बाजूला कोणी सारलं? शिदोरी कोणी दिली? होडी कोणी हाकारली? आधीच्या चौघींतल्या दोघी मागच्या गौरीला गेल्या, दोघी ताईसाहेबांच्या, तुमच्या लेकीच्या, पाठवणीत. तवाबी पुढं तुम्हीच व्हता!"

"आणि कडी कोणी उतरवली?"

"म्या उतरवली, सरकार. पन हात कुनाचा ते इचारायची कासारणीत रीत न्हाई."

"अगं, पण या माझ्याच बटकी आहेत, हे मला सांगायचं तरी!"

"सांगायचं कशाला? बारा वर्सं त्यांनी तुम्हाला ताट वाढलं. एकदा जरी तोंडाकडं बघितलं असतं, तर आज पदराआडूनबी वळखलं असतं!"

सरकारांना हे झोंबलं. त्यांची मान खाली गेली. तेवढ्यात पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू फुटलं.

"शपथ गौरीची आहे हो! उद्यापासून अंगण स्वारींनीच झाडायचं. घाला कडं!"

सरकारांनी एक कडं उचललं, आपल्या जाडजूड मनगटाकडं पाहिलं आणि चाचरत म्हणाले, "हे... हे चढायचं नाही."

"चढतंय की!" हौसानं दुरडीत हात घातला. "साबण हाय माझ्याकडं!"

सरकार असे हसत सुटले की पागोटं घरंगळलं.

"पुरे, बाई, हरलो! माग काय मागायचं ते!"

"सातीजणींची मोकळीक. कागदावर, शिक्क्यानिशी. आन् या गढीवर पुन्हा कुनाच्या हातात कडं नगं."

शिक्का तिथल्या तिथं उठला. हौसाला जरीकाठी लुगडं मिळालं, आणि गढीवरच्या सगळ्या कड्यांचा लोहाराकडून धाकूच्या होडीसाठी नांगर करवला गेला.

हौसा निघाली, तशी सरकारांनी हळूच हाक मारली.

"हौसे, मी त्यांना पुढल्या वर्षी ये म्हणालो. येतील का गं?"

"येतील की! पन गौरीसारख्या. पहिल्या दिवशी पाय धुऊन आत घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवू घालायचं, आन् तिसऱ्या दिवशी शिदोरी देऊन पोचवायच्या. जमंल न्हवं, सरकार?"