हनोखकाकांची उत्तरं

"सगळे निघून गेले. मागे दहा जण तरी राहावेत, असं एकालाही वाटलं नाही?"

हे कुणाला उद्देशून, ते राजसीला सांगता आलं नसतं. समोर फक्त हनोखकाका होते, आणि ते तर राहिले होते.

कोकणातल्या त्या गावात इस्रायल आळी आहे. आळीत सिनेगॉग. जुने गावकरी त्याला मशीदच म्हणतात. आळीतली घरं एकेक करून इस्रायलला गेली. आता गावात ज्यू माणूस एकच, हनोखकाका. झाडलोट करणारेही तेच, दार उघडणारेही तेच.

राजसी विद्यापीठातून रीतसर अर्ज करून आली होती. मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला मायनर म्हणून ज्यू इतिहास, संस्कृती आणि धर्म. हिब्रू घडाघडा वाचायची. वर्गात पहिली होती, आणि हे तिने आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं. तिला कद्दीशची इथली चाल हवी होती. गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना. चाल मरायच्या आत रेकॉर्ड करायची होती.

काका म्हणाले, चाल त्यांना येत नाही.

"आयुष्यभर मागच्या बाकावर बसलो, पोरी. पुढे प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणायचे, आम्ही मागून 'आमेन' असं उत्तर द्यायचो. मला फक्त उत्तरं येतात."

"मग उत्तरं द्या. पुढचं मी वाचते."

"आज नको."

का नको, ते त्यांनी बाक पुसता पुसता सांगितलं. त्यांच्या बायकोला, दीनाबाईंना, जाऊन आज तीन वर्षं झाली. कद्दीशला दहा ज्यू पुरुष लागतात. दफनाच्या दिवशी पनवेल, ठाणे धरून सहा जमले. उरलेल्या चारांची दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. मग आलेले एस.टी.ने परत गेले. दीनाबाईंसाठी कद्दीश अजून झालेलं नाही.

राजसी उसळली. दहाचा नियम कुठून आला, कधी पक्का झाला, त्यावर कोण काय म्हणालं, सगळं तिने ऐकवलं. आमच्या वर्गात चौदा जण आहेत, रविवारी सगळ्यांना घेऊन येते, म्हणाली.

काका हसले. "त्यातल्या किती जणांच्या घरी शुक्रवारी शब्बाथचा दिवा लागतो?"

"...एकाच्याही नाही."

"चौदा जण शिकतायत. बरं आहे."

त्यांनी टोमणा मारला असता तर तिला भांडता आलं असतं.

"काका, तुमच्यानंतर हे दार कोण उघडणार?"

"तुझ्यासारखंच कुणीतरी. अर्ज करून."

...

खिडकीबाहेर शेजारीण चांगुणाबाई सुकट वाळत घालत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून, चाळीस वर्षं, ती या भिंतीला लागून राहत होती; इथली प्रार्थना तिच्या घरात ऐकू यायची. दीनाबाई आणि ती एकाच विहिरीवर पाणी भरायच्या.

काकांनी कपाटातून दीनाबाईंचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही, पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. त्यांनी ते राजसीच्या हातात दिलं.

"वाच."

"पण दहा जण..."

"अभ्यास म्हणून वाच. अभ्यासाला दहा लागत नाहीत."

तिने फोन बाकावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाचायला लागली. उच्चार स्वच्छ होते. पहिली ओळ संपली आणि उत्तराची जागा आली. परीक्षेत तिने याच जागेवर दोन पानं लिहिली होती.

ती थांबली.

काका डोळे मिटून ताठ उभे होते. ओठ घट्ट मिटलेले.

...

ती पुढे वाचत गेली. पुन्हा जागा आली. पुन्हा थांबली. पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. फोन तीच टिपून घेत होता.

...

तिसऱ्या जागेला तिचा आवाज चिरकला.

"काका, ही तुमची जागा आहे. हे तरी येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

"येतं म्हणूनच गप्प आहे. मी उत्तर दिलं की हा अभ्यास राहत नाही, कद्दीश होतं."

राजसीने पुस्तक मिटलं नाही. पुढेही वाचलं नाही. बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

खिडकीशी बांगड्या वाजल्या. चांगुणाबाई सुकटीचे हात पदराला पुसत गजाशी येऊन उभी राहिली होती. तिने राजसीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "आमेन राहिलं."