दोन वखारी आणि एक ओढा

दूर उत्तरेच्या रानात, जिथे उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघतो, तिथे एके काळी दोन व्यापारी कंपन्यांच्या दोन वखारी होत्या. एकीवर लाल निशाण, दुसरीवर निळं. धंदा मात्र एकच. रानातल्या शिकाऱ्यांकडून बीव्हरची मऊ, केसाळ कातडी घ्यायची, बदल्यात पीठ, घोंगड्या, कुऱ्हाडी द्यायच्या आणि बर्फ वितळला की होड्या भरून ती कातडी बंदरावर पोचवायची.

बीव्हर हा मोठा कष्टाळू प्राणी. दातांनी झाडं पाडतो, ओढ्याला बांध घालतो आणि साठलेल्या पाण्यात घर करून राहतो. शिकाऱ्यांची जुनी रीत होती, की प्रत्येक घरात नर-मादीची एक जोडी सोडायची.

दोन्ही वखारवाल्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका हिवाळ्यात लाल वखारवाला शिकाऱ्यांना म्हणाला, "रीतबीत गुंडाळून ठेवा. सगळे बीव्हर आणा. त्या निळ्याला एक शेपूटसुद्धा मिळता कामा नये!"

हे कळल्यावर निळा कसला मागे राहतो? त्यानंही तेच फर्मान काढलं आणि ओढ्यांमागून ओढे ओस पडले.

उरला एकच ओढा. तिथे एक शिकारीण आपल्या नवऱ्यासोबत राहत होती. रीतीपुरते बीव्हर धरून झाले होते आणि घरातलं पीठ संपत आलं होतं.

नेमका तेव्हाच निळा वखारवाला बर्फावरच्या घसरगाडीत पिठाची पोती घालून तिच्या दारात आला.

"बाई, उरलेल्या जोड्या दे आणि हिवाळाभराचं पीठ घे. तू सोडल्या तर तो लाल नेईलच."

"त्याला नेऊ देणार नाही," शिकारीण म्हणाली. "आणि तुम्हालाही नाही, शेठ."

गाडी पोत्यांसकट परत गेली. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, हट्टाच्या भाकऱ्या भाजता येत नाहीत!"

"नाही येत. पण ओढा मेला, तर पुढच्या वर्षी काय खाशील? ऊठ, मासे धरू."

उपाशी पोटी पिठाची पोती परत पाठवायला काळीज लागतं, हो. त्या हिवाळ्यात दोघांनी बर्फाला भोकं पाडून मिळेल तो मासा खाल्ला. लाल वखारीची माणसं सापळे घेऊन आली, मग निळ्या वखारीची आली. प्रत्येक वेळी शिकारीण कुऱ्हाड घेऊन बांधावर उभी राहिली. नवराही कुरकुरत का होईना, काठी घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

पुढे बर्फ वितळला. इतर ओढ्यांवरचे बांध फुटले, पण त्यांची डागडुजी करायला बीव्हरच उरले नव्हते. सगळं पाणी एकदम वाहून गेलं. दोन्ही वखारींसमोर दगडगोटे उरले आणि कातड्यांनी भरलेल्या होड्या चिखलात रुतल्या. बंदरातलं जहाज काही कुणासाठी थांबणार नव्हतं. पाणी होतं ते फक्त शिकारिणीच्या ओढ्याला, आणि तो थेट बंदराकडे जात होता.

दोन्ही वखारवाले तिच्या दारात आले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. "होड्या ओढत इथवर आणतो, तुझ्या ओढ्यातून आम्हाला वाट दे."

"देते. पण आधी माझ्या ओढ्यातल्या वाढत्या बीव्हरांच्या जोड्या तुमच्या ओढ्यांत नेऊन सोडायच्या. त्यांचा वंश वाढेपर्यंत तिथे सापळा लावायचा नाही."

"आणि पीठ!" नवरा घाईघाईने म्हणाला.

"आणि पीठ," तिने हसून कबूल केलं.

काय करतात! पोटच्या पोरांना कधी कडेवर न घेतलेले ते दोन शेठ बीव्हरांच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसले. लाल वखारवाल्याचं बोट बीव्हरने कडकडून चावलं. तो ओरडला, पण टोपली सोडली नाही. आणि निळ्याने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आपला रुमाल काढून त्याच्या बोटाला बांधला.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जो ओढा रिकामा करतो, त्याची स्वतःचीच होडी चिखलात रुतते, आणि एकजण जरी बांधावर ठाम उभा राहिला, तरी सगळ्यांपुरतं पाणी उरतं.