दुलईच्या बाळाचं बारसं

फार पूर्वी, प्राणी बघायला तिकीट लागत नसे तेव्हा, एका राजाची मोठी प्राण्यांची बाग होती. डोंगरापलीकडच्या देशातून त्याला एक पांडा मादी भेट आली. गुंडाळून ठेवलेल्या दुलईसारखी ती दिसे, म्हणून तिला सगळे दुलईच म्हणू लागले.

लोकांना तिची नवलाई चारच दिवस वाटली. ती काही करतच नसे. लोकांकडे पाठ करून बसायचं, बांबू हुंगायचा, पसंत पडला नाही की बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. "इतकं कोडकौतुक करतोय, पण वळून बघेल तर शपथ," असं राजमाता म्हणत. साधारण असंच त्या आपल्या सुनेबद्दलही म्हणत.

ही सून म्हणजे धाकटी राणी. नुकतीच लग्न होऊन आली होती. कमी बोलायची, म्हणून राजवाड्यात तिला घुमी म्हणत, तेही तिला ऐकू जाईल अशा बेतानं. दुपारी सगळे आडवे झाले की ती कोवळे बांबू घेऊन दुलईपाशी जाऊन बसे. दोघीही बोलत नसत, त्यामुळे दोघींचं छान जमलं. हळूहळू दुलई तिच्याकडे तोंड करून बसू लागली.

पावसाळा सरता सरता दुलईला पिल्लू झालं. उंदराएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं. दुलईनं ते पंजात धरलं ते खाली ठेवेचना. खाण्यावरूनही तिचं लक्ष उडालं.

त्या नगराची एक रीत होती. बाळ घरातलं असो की बागेतलं, बाराव्या दिवशी त्याचं बारसं करायचं आणि मग साऱ्या नगराच्या मांडीवरून त्याला फिरवायचं. त्याशिवाय बाळ आपलं होत नाही, असं लोक मानत. राणी लग्न होऊन आली त्याच सुमारास हरणीच्या पाडसाचं बारसं झालं होतं. इतक्या मांड्यांवरून परत आलेलं पाडस हरणीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुढे ते जगलं नाही. लोकांनी नशिबाला बोल लावला. राणीला मात्र त्या हरणीचं फिरवलेलं तोंड विसरता येत नव्हतं.

दुलईच्या बाळासाठी चांदीचा पाळणा आला. कानात नाव सांगायला आत्या कुठून आणायची, यावर दरबारात बराच खल झाला; शेवटी राजमाताच आत्या झाल्या. पाळणा आत ठेवला तेव्हा दुलईनं तो हुंगला आणि तिथं पडलेली बांबूची सालं त्यात टाकून दिली.

बाराव्या दिवशी सारं नगर लोटलं. रखवालदार आत पाऊल टाकायला गेले तशी दुलई गुरगुरली, आणि ते आले तसे मागे फिरले. मग सगळ्यांच्या नजरा राणीकडे वळल्या.

राजमातांनी तिला बाजूला घेतलं. "सूनबाई, एवढं बाळ माझ्या मांडीवर आणून दे. तुला घुमी म्हणणाऱ्यांची तोंडं मी बंद करते."

ती तोंडं कुणाची, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी राणीला मोह पडला. परक्या घरात एका दिवसात आपलं होण्याची अशी संधी पुन्हा कुठली येणार?

ती आत जाऊन दुलईजवळ बसली. दुलईनं तिचा हात हुंगला आणि आपला पंजा थोडा उघडला. आत इवलंसं पोट वरखाली होत होतं. हात पुढे केला असता तर बाळ अलगद हातात आलं असतं. बाहेर ढोल वाजत होते. राणीला ती हरणी आठवली. तिनं हात मागे घेतला.

ती रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आईसाहेब, बाळ मांडीवरच आहे, त्याच्या आईच्या. ती देईल तेव्हाच घेऊ."

ढोल थांबले. लोक कुरकुरत घरी गेले. घुगऱ्या मात्र कुणी मागे ठेवल्या नाहीत. राजमातांनी सुनेशी अबोला धरला. राणी आधीच कमी बोलणारी, त्यामुळे राजवाड्यात फारच शांतता झाली.

थंडी सरली. एका सकाळी दुलई उन्हात येऊन बसली आणि तिच्यामागून एक काळंपांढरं गाठोडं गडगडत बाहेर आलं. उठलं, पडलं, पुन्हा उठलं. त्या दिवशी दुलईनं लोकांकडे तोंड करून बांबू खाल्ला.

मग राजमाता रोज फुलं तोडायच्या निमित्तानं बागेत येऊ लागल्या. फुलं राहायची बाजूला, त्या गवतात बसून राहायच्या. राणी थोडी लांब बसे. एके दिवशी पिल्लू आपणहून आलं, त्यांचा पदर हुंगला, मांडीवर चढलं आणि झोपलं. दुलईनं एकदा मान वळवून पाहिलं आणि दुसरा बांबू घेतला.

राजमातांच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्या हलल्या नाहीत. वाकून त्यांनी पिल्लाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. मग मागे न बघता हळूच म्हणाल्या, "सूनबाई, पाठ अवघडली गं. जरा ये, मला टेकू दे."

राणी उठली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली.

तात्पर्य: कुणाला आपलं करायचं असेल, तर हिसकायला हात पुढे करू नये, मांडी मोकळी ठेवून वाट बघावी.